पोळ्याच्या दिवशी जुपायचं नाही

आबा, तुला जाऊन अजून महिना व्हायचाय आणि मी गॅरेजच्या बाकावर बसून तुझ्याशी भांडतोय. येणारे-जाणारे म्हणतात, मिस्तरी एकटाच बडबडतो. बडबडू नको तर काय करू? तू भांडण अर्धवट टाकून गेलास. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपण दोघं तुझ्या ट्रकचं इंजिन उघडणार होतो. पाने-पक्कड पिशवीत भरून मी धरणगावातून निघालोही होतो. तेवढ्यात तुझा पोरगा प्रकाश समोरून सायकलवर आला आणि त्याचा चेहरा बघून मी पिशवी खाली ठेवली. चहाचा कप हातात होता, छातीत कळ आली, एवढंच त्याला सांगता आलं.

मला तुला एकच गोष्ट विचारायची होती. गाडीत पाणी कुठवर गेलंय हे तुला कळलं होतं, की तू खरोखर नुसता पोळा म्हणून अडून बसला होतास? आता हे कोणाला विचारू? जेवताना आठवतं, घास तसाच राहतो. दुसऱ्याची गाडी खोलून बसलो की हातातला पाना थांबतो. तू जिवंत असतास तरी सरळ उत्तर दिलं नसतंस हे मला ठाऊक आहे. सरळ उत्तर देणं तुझ्या रक्तातच नव्हतं.

माझं गॅरेज नवीन होतं तेव्हाची गोष्ट घे. सगळे ट्रकवाले जळगावच्या मिस्तऱ्यांकडे जायचे, माझ्या दारात दिवसभर कुत्रं झोपलेलं असायचं. तू पहिली गाडी आणून लावलीस. मी भीतभीत विचारलं, आबा, माझ्याकडे कशी काय? तर म्हणालास, "जयगाव दूर शे." दूर! चोपड्याहून केळी भरून दिल्लीपर्यंत जाणाऱ्या माणसाला जळगाव दूर! आणि त्या वर्षी चोपड्याच्या रस्त्याला मी तुझ्यासोबत केबिनमध्ये होतो, अंगात ताप होता, सांगायची लाज वाटत होती. तू मधेच गाडी बाजूला घेतलीस आणि म्हणालास, गाडीले इसावा पाहिजे. गाडी चांगली धावत होती. तू झाडाखाली घोंगडी टाकलीस, मला झोपवलंस, आणि वर मलाच ऐकवलंस की इंजिन गरम झालं होतं. अशी तुझी रीत. मनातलं कारण एक आणि तोंडातलं दुसरं.

म्हणूनच पोळ्याचं मला कोडं पडलंय.

आदल्या दिवशी गावच्या नाल्याला कधी नव्हे एवढं पाणी आलं. तुझी गाडी नेहमीसारखी पाराजवळ उभी होती. इंजिन बंद होतं, चालू गाडी पाण्यात घातली असती तर तिथेच निकाल लागला असता. पण उभ्या गाडीतही पाणी सीटपर्यंत चढलं. संध्याकाळी उतरलं तेव्हा आत बोटभर गाळ होता. मी आलो, एअर फिल्टरचा डबा उघडला आणि आतून बेडूक उडी मारून बाहेर आला. अख्खं गाव चिंतेत असताना तू पोट धरून हसलास. "देख, हाऊ किलीनर भाड्यावाचून बठेल शे," म्हणालास. मला तेव्हा हसू आलं नव्हतं. आता येतं.

पोळ्याला सकाळी प्रकाश कोणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून घेऊन आला. पोरगा हुशार आहे पण तुझ्यासारखाच उतावळा, म्हणजे तुझ्या तरुणपणासारखा. पारावर माणसं जमली होती. प्रत्येकजण सल्ला देत होता, आणि सगळ्यांचा सल्ला एकच, मार एक सेल्फ, होईल चालू. प्रकाश केबिनमध्ये चढायला लागला तसा तू बोनेटसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिलास.

"आज पोया शे. आज हिले जुपानं नही."

सगळे हसले. तू हसला नाहीस. बैलजोडी विकून तू ही गाडी घेतलीस तेव्हापासून दर पोळ्याला तिला गेरूचे ठिपके लावायचास, बोनेटला बाशिंग बांधायचास, रेडिएटरच्या जाळीला पुरणपोळीचा घास लावायचास. जो घराला खाऊ घालतो तो बैल, असं तुझं म्हणणं. गाडी बाई, पण पोळ्याला तुझा बैल. आणि पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्यामुळे प्रकाशला काही बोलताच येईना. तो बॅटरी उचलून चरफडत गेला.

मी थांबलो, कारण मलाही सेल्फ नको होता. मला सिलिंडरवरचे, डिझेल फवारणारे नोझल काढून आत पाणी आहे का ते बघायचं होतं. हवा दबते, पाणी दबत नाही, एवढं तर तुलाही ठाऊक होतं. सिलिंडरमध्ये पाणी असलं आणि सेल्फ मारला तर पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. तो वाकला की इंजिन गेलंच म्हणायचं. पण पाणी आत ठेवूनही चालत नाही. रोज गंज धरतो, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला चिकटतात. मी म्हटलं, आबा, आजच नोझल काढू, आजच पाणी बाहेर काढू. तू म्हणालास, "नोझल काढनं म्हनजे दात काढनं. पोयाले बैलना दात काढतस का कोनी?"

मग दिवसभर आपलं तेच चाललं होतं. काय आंघोळीत बसतं आणि काय जुपण्यात. बैलाला पोळ्याला धुतात, म्हणून बॅटरीचा डबा, केबिन, चाकं धुवायला परवानगी. डिझेलची टाकी रिकामी करणं? तू जरा विचार करून म्हणालास, चालेल, पोट साफ करणं आहे. इंजिनच्या चेंबरमधलं ऑइल सोडायचं म्हटलं तर तू डोकं खाजवलंस. मी म्हटलं, "आबा, बैल पोयाना दिन मुतत नही का?" तू एवढ्या जोरात हसलास की प्रकाशची आई, अक्का, घरातून बाहेर आली. सोडलं ऑइल. बाहेर आलं ते ऑइल नव्हतंच, पाणी मिसळून दुधाळ चहाचा रंग झाला होता. तू तो रंग बघितलास. बघून काही बोलला नाहीस. तुझ्या त्या गप्प राहण्यावर मी आता रोज विचार करतो. रंग बघून तुला कळलं असणार. पण सकाळी हात पसरून उभा राहिलास तेव्हा तर ऑइल अजून आतच होतं!

शेवटी मी खाली सरकून टॉमीचा दांडा लावून फ्लायव्हील हातानं फिरवायला बघितलं. थोडं फिरलं आणि थटलं. मी वर बघितलं. तू चाकाजवळ वाकून माझ्याकडेच बघत होतास. म्हणालास, "राहू दे. सकाय देखसूत." हे तुझं मला शेवटचं वाक्य. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर यात काही नाही असंच वाटेल.

आबा, तू गेल्यावर तुझ्या घरात जे चाललं होतं ते सांगतो, कारण ते तुला कोणी सांगितलं नसेल. अक्काचा भाऊ सुरतेहून आला. चांगला माणूस, मी त्याला नावं ठेवत नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर त्यानं प्रकाशला बाजूला घेऊन सांगितलं, सुतक फिटून गंधमुक्ती झाली की माझ्यासोबत चल, कापडाच्या लूमवर कामाला लावून देतो. भाऊबंदांनाही ते पटलं. पाण्यात बुडालेली गाडी घेऊन पोरगा काय करणार? एक भंगारवाला न बोलावता आला, टायरला लाथ मारून बघून गेला. आणि अक्का? अक्का भिंतीला टेकून बसली होती. तुझ्यामागे पोरगाही सुरतेला गेला तर त्या घरात ती आणि तुझा बनियन वाळत घालायची तार, एवढंच उरणार होतं. प्रकाशकडे ती ज्या नजरेनं बघत होती ती मला बघवेना.

म्हणजे सगळं त्या गाडीवर येऊन थांबलं होतं. गाडी सुरू झाली तर पोरगा राहणार, नाही झाली तर गंधमुक्तीच्या संध्याकाळी व्हिडिओ कोच बसनं मामासोबत जाणार. आणि गाडीत पाणी तसंच होतं. मी प्रकाशला म्हटलं, नोझल काढू दे. तो डोळे पुसत म्हणाला, "काका, सुतक शे. घरमा लोखंडले हात लावानं नही सांगेल शे बठ्ठास्नी." सगळ्यांनीच सांगितलंय म्हटल्यावर मी बसलो. बसलो म्हणजे काय, शरीरानं बसलो. आत मला रिंगांवर चढणारा गंज ऐकू येत होता. गंजाला आवाज नसतो हे कळतं मला. तरी येत होता.

तेव्हा अक्कानं मान वर केली.

"तुले कसानं सुतक, मिस्तरी? तू थोडाच भावकीमा शे. तू लाव हात."

खरंच होतं. मी भावकीतला नाही. तुझ्या रक्ताचा, नात्याचा, जातीचाही नाही. मला सुतक नव्हतं. पण आबा, खरं सांगतो, ते ऐकून मला कोणीतरी दारातून उठवून बाहेर बसवल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं तुझ्या चुलीजवळ जेवलो, आणि मी गेलेल्याचा कोणीच नाही. तिनं वाईट भावनेनं म्हटलं नव्हतं, तिला मला वाट काढून द्यायची होती, हे तेव्हाही कळत होतं. कळूनही लागलं. मी पिशवी उचलली आणि पाराकडे गेलो. परका होतो म्हणून मोकळा होतो.

नोझल काढले. खाली टॉमी लावून फ्लायव्हील फिरवलं आणि दोन सिलिंडरच्या भोकांतून पाण्याची चिळकांडी उडाली, माझ्या तोंडावर, शर्टावर. गढूळ, नाल्याचं पाणी. दोन सिलिंडर भरलेले होते, आबा. प्रकाशनं त्या सकाळी एक सेल्फ मारला असता तर दोन रॉड वाकले असते आणि तो भंगारवाला लाथ मारून जायच्याऐवजी गाडी घेऊनच गेला असता. मी तोंड पुसलंच नाही. तिथेच गाडीखाली मातीत पडून मी तुला शिव्या दिल्या. म्हटलं, म्हाताऱ्या, सांगून गेला असतास तर तुझं काय जात होतं?

पण तुला खरंच माहीत होतं का?

पाणी निघालं तरी जीव खाली पडला नाही. रॉड आधीच वाकलेला असेल तर? आपण टॉमी लावली तेव्हा थटलं होतं, मी जास्तच जोर दिला असेल तर? मी सायकलची एक तार घेतली, प्रत्येक भोकातून आत सोडली, पिस्टन वर आणून तारेवर खूण केली. रॉड वाकलेला असेल तर तो पिस्टन बाकीच्यांइतका वर येत नाही, खूण खाली पडते. पहिली खूण, दुसरी खूण. तिसऱ्या खुणेवर माझा विश्वास बसेना, म्हणून ती पुन्हा केली. सगळ्या खुणा एकाच ठिकाणी आल्या. मी ती तार घेऊन तुझ्या दारापर्यंत गेलो आणि आत सुतक आहे हे आठवून उंबऱ्याबाहेरूनच प्रकाशला दाखवली. त्यानं बघितली आणि नजर बाजूला वळवली. मामा शेजारीच बसला होता.

मग मी थांबलोच नाही. सिलिंडरमध्ये रॉकेल आणि ऑइल सोडलं, रिंगा भिजू दिल्या. नोझल जळगावला नेऊन तपासून आणले. सेल्फ आणि डायनामो खोलून घरी नेले. त्या आठवड्यात ऊन म्हणून नव्हतं, म्हणून चुलीशेजारी वाळवले. बायको म्हणाली, झोपा थोडं. मी म्हटलं, झोपलो की आबा येऊन विचारतो, काय झालं गाडीचं. तिनं चुलीत आणखी एक लाकूड सारलं. पाइप धुतले, नवीन ऑइल घातलं, हातपंप मारून डिझेलच्या नळ्यांतली एअर काढली. एवढं सगळं केलं ते मी एकट्यानं. मी एकटा गाडीखाली काम केल्याला कितीतरी वर्षं झाली होती. बाजूला तू उकिडवा बसून चुकीच्या आकाराचा पाना पुढे करायचास, आणि मी चिडायचो. आता योग्य पाना स्वतःच घ्यायचा आणि चिडायचं कोणावर?

गंधमुक्तीच्या दिवशी सकाळी तुझ्या भावकीनं आंघोळी केल्या, मुंडण झालं, जेवणं झाली. माणसं पांगायला लागली. मामाची पिशवी ओट्यावर येऊन पडली, प्रकाशची पत्र्याची पेटीही. आता सुतक फिटलं होतं, म्हणून प्रकाश स्वतः केबिनमध्ये चढला. कोरं डोकं, कोरा पांढरा सदरा, तुझ्या जागेवर. मी खूण केली. सेल्फ छान फिरला, इंजिन गरगर फिरलं. पण सुरू झालं नाही. पुन्हा. पुन्हा. सायलेन्सरमधून धुराचं नावसुद्धा नाही. प्रकाशचा हात खाली आला. मामानं ओट्यावरून घड्याळ बघितलं.

माझं डोकं एकदम शांत झालं. धूर नाही म्हणजे डिझेल आत जात नाही. एका नोझलची नळी ढिली केली, सेल्फ मारायला सांगितला, थेंब नाही. म्हणजे पंप. पंपाच्या बाजूचं झाकण उघडलं. आत डिझेल कमी-जास्त करणारी दांडी असते. ती गाळ आणि गंजानं जागच्या जागी बसली होती. कुठल्या जागी, सांगू? बंदच्या. पुराच्या आदल्या संध्याकाळी तू पाराजवळ गाडी लावलीस, स्टॉपची तार ओढून इंजिन बंद केलंस, त्या ओढीत ती दांडी जिथे गेली तिथेच ती चिकटून राहिली होती. गाडीत काही बिघडलंच नव्हतं, आबा. ती फक्त तुझ्या हातानं बंद केलेली होती.

मी बराच वेळ तिला हात लावला नाही. प्रकाश वरून ओरडला, "काका, काय व्हयनं?" मी म्हटलं, थांब. मग डिझेल सोडलं, पान्याच्या दांड्यानं हलकेच ठोकलं, बोटानं सरकवलं. सरकेना. पुन्हा डिझेल, पुन्हा ठोकलं. आणि ती हलली, एकदम मोकळी झाली, पुढे-मागे व्हायला लागली. झाकण लावायचंही मला सुचलं नाही. मी म्हटलं, मार.

आधी तीन सिलिंडरवर खोकली. पांढरा धूर पारावर पसरला. मग चौथा, पाचवा, आणि मग सगळ्यांचा मिळून तो आवाज आला, जो तुला झोपेतही कळायचा. मामा ओट्यावर उभा राहिला. गावातली माणसं परत फिरली. प्रकाशनं स्टेअरिंगवर डोकं टेकवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. त्यानं गाडी बंद केली नाही. तशीच चालू ठेवून खाली उतरला, ओट्यावर गेला, आपली पेटी उचलली आणि आत नेऊन ठेवली. येताना माझ्यासमोर थांबून म्हणाला, "काका, ऑइल परत कव्हय बदलानं?" मी म्हटलं, लवकरच, पहिलं सगळं धुऊन निघू दे. हा आमचा सगळा संवाद. तुझाच पोरगा आहे.

आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि मी तुझे मानले असते तर तू म्हणाला असतास, येडा व्हयना का? पण आता तू मधे तोंड घालू शकत नाहीस, म्हणून सांगून टाकतो. तू माझ्याकडे पहिली गाडी लावलीस, तेव्हापासून मी मिस्तरी झालो. आणि त्या दिवशी तू हात पसरून उभा राहिलास, म्हणून तुझा पोरगा घरी आहे. पोळ्यासाठी असो नाहीतर पाण्यासाठी. मला उत्तर हवंय, रोज हवंय. ते मिळणार नाही, हेही मला रोज नव्यानं कळतं.

त्या संध्याकाळी मी पाने पुसून पिशवीत भरले आणि घराकडे निघालो. हात कोपरापर्यंत काळे, अंगावर नाल्याचा गाळ, डिझेलचा वास. तुझ्या दारावरून जाताना आत न डोकावता पुढे चाललो होतो. अक्कानं हाक मारली. अंगणात न्हाणीच्या दगडावर तिनं गरम पाण्याची बादली काढून ठेवली होती, वाफ येत होती, शेजारी तांब्या आणि नवा पंचा. मी म्हटलं, अक्का, राहू दे, घरी जाऊन धुतो हात.

"हात नही," ती म्हणाली. "आंघोय कर. सकाय बठ्ठास्न्या व्हयन्यात. तुनीच ऱ्हायनी व्हती."

मी पिशवी खाली ठेवली. दगडावर बसलो आणि पहिला तांब्या डोक्यावरून घेतला, आबा, आणि तेव्हा कुठे मला तुझ्यासाठी रडू आलं.